उजवीकडचा डबा

एकतीस वर्षं मी लंबकाचे दोरे कापले
सायन्स कॉलेजच्या तळमजल्यावर.
वाकडे, गाठींचे, एखादा उंदराने कुरतडलेलाही,
तरी दर जर्नलात उत्तर यायचं नऊ पॉइंट आठ.
पोरं निष्कर्ष आधी लिहीत
आणि त्याला शोभतील अशी वाचनं मागून घेत.
मी टेबल पुसायचे. बोलायचे नाही.

रिटायर झाले. नवतपाच्या दुसऱ्याच दिवशी
इतवारीत पंढरी पराते कुल्फीवाला म्हणाला,
"मॅडम, मी दूध उकयतं असतानाच डब्यात ओततो.
गरमच लवकर जमते. थंडं मागं राह्यते."
मी हसले.
बाहेर सेहेचाळीस पॉइंट तीन होतं,
हसलं तरी घाम यायचा.
"काहून हसता जी? माह्या बापानं सांगतलं हाय."

म्हटलं, ज्याला जास्त जिने उतरायचेत
त्याला वेळ जास्त लागणार, नाही का?
तो म्हणाला, "अन् जो पयत येते
तो पायऱ्या मोजते काय?"

हेच वाक्य घेऊन मी रात्रभर कूलरसमोर पडून राहिले.
खसची ताटी भिजत होती, सुकत होती.

हेडाऊंच्या बर्फ कारखान्यात, रात्री साडेदहाला,
मिठाच्या पाण्याच्या टाक्यात दोन डबे सोडले.
एकात माठाचं पाणी, एकात उकळतं.
कॉलेजातून उसने दोन थर्मामीटर,
पुतण्याचं कबड्डीचं स्टॉपवॉच,
आणि डोळ्यांना झोंबणारा अमोनिया.
अंगणात आडवे झालेले हमाल उठून आले.
बर्फ फोडणारा शफाअत म्हणाला,
वाफ उडून जाते, पाणीच कमी उरते, म्हणून.
बी.एस्सी.ची प्रणोती मेश्राम म्हणाली,
उकळताना पाण्यातली हवा निघून जाते, म्हणून.
मग फोनमध्ये बघून हळूच म्हणाली,
मोठे मोठे लोक अजून भांडतायत, मॅडम.
कोणी म्हणतात घडतं. कोणी म्हणतात, दिसतं फक्त.

पहिल्या रात्री गरम जिंकलं, चार मिनिटांनी.
परातेनं फुकट कुल्फी वाटली.
दुसऱ्या रात्रीही गरमच.
तिसऱ्या रात्री लाइट गेली
आणि आम्ही अंधारात दोन डब्यांना
आळीपाळीने कान लावत बसलो.
चौथ्या रात्री थंड जिंकलं.
परातेचा चेहरा असा पडला
की मलाच ओशाळं वाटलं.

वही चाळली. तीन रात्री, तीन ओळी,
आणि कडेला माझ्याच बारीक अक्षरात
कुठला डबा कुठे होता.
शफाअतनं चौथ्या रात्री डबे उलटे सोडले होते.
दर वेळी जिंकला होता उजवीकडचा,
जिथे टाक्यातलं पातं फिरतं
आणि गार मिठाचं पाणी धावत राहतं.

"मंजे मी खोटा?" परातेनं विचारलं.
नाही, म्हटलं. खराही नाही अजून.
"हे काय उत्तर हाय बाप्पा!"

मग दुसरंच भांडण लागलं:
जमलं म्हणायचं कधी?
पराते म्हणाला, काडी उभी राहिली की.
शफाअत म्हणाला, ठोकल्यावर आवाज बदलला की.
प्रणोती म्हणाली, पहिली सुई तरंगली की.
तिघंही माझ्याकडे वळले.
एकतीस वर्षांत हा प्रश्न
ना कुणी मला विचारला होता, ना मी कुणाला.
हाताशी चुकीचं एक पान होतं, खाडाखोडीचं,
त्यातला एकही आकडा दुसऱ्याला शोभत नव्हता.
मी ते पान पुसलं नाही.

आता रोज एकच खाच वापरायची, उजवीकडची.
आज गरम, उद्या थंड, परवा पुन्हा गरम.
पण आजची रात्र उद्याच्या रात्रीसारखी असेल
हे कोणी सांगितलं, असं हमालांपैकी कुणीतरी म्हणालं,
तोंडातला खर्रा थुंकून.
आणि आम्ही सगळे गप्प.

पराते अजून दूध उकळतंच ओततो.
कुल्फी चांगली असते.
उद्या प्रणोती तिसरा डबा आणणार आहे,
कोमट पाण्याचा.