गालावर फेस असताना

अमळनेरात वकिलाला रस्ता नसतो, थांबे असतात.
भाजीच्या गाडीशी, दहाव्याच्या घाटावर,
पंगतीत घास तोंडाशी नेताना,
"वकीलसाहेब, एकच विचारायचं होतं."

त्या एकात तीन भाऊ असतात, दोन बहिणी,
एक मेलेला साक्षीदार
आणि कुठल्याशा पेटीत जपलेला,
घडीवर फाटलेला स्टॅम्पपेपर.

सत्तावीस वर्षं देत आलो.
बोरीला पाणी असायचं तेव्हा
तेही कुणी मोजून नेत नव्हतं.
बायको म्हणायची, तोंडाची पाणपोई केलीत.
मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू,
फीपेक्षा बरं वाटायचं.
फी देणारा पावती मागतो,
फुकटवाला पाया पडतो.

त्या सकाळी सोपानच्या खुर्चीत मान मागे टाकलेली.
दारात बशीर पिंजारी, आवाजावरून ओळखला.
कोर्टाने गाळा खाली करायला सांगितलाय,
वरच्या कोर्टात जायचंय, दिवस किती मिळतात?
डोळे न उघडता म्हणालो,
"साठ असतात. घाई नको."
डोक्यात दुसऱ्याच कुणाची फाईल.
वस्तरा माझ्या गळ्यावर होता,
मान त्याची होती.

तीस असतात.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी तो आला.
भुवयांत कापूस,
गादीच्या कापडाच्या पिशवीत निकालाची नक्कल.
मी बोटांवर मोजलं, कॅलेंडरवर मोजलं,
नकलेचे चार दिवस वजा केले, पुन्हा मोजलं.
त्या गाळ्यात आधी त्याच्या बापाची तात वाजली,
मग त्याची, मग मशीन आलं.
मी सगळं सांगितलं.
त्याने पिशवीची घडी घातली. म्हणाला,
"फुकटमा इचारं व्हतं भाऊ,
तुमना काय दोष शे?"

शिवी दिली असती तर झोप लागली असती.

विलंब माफीचा अर्ज मी नाही लिहिला,
लिहिता येणार नव्हता.
पावरा मॅडमना दिला, नव्या आहेत, धडगावकडच्या,
अक्षर स्वच्छ.
उशिराच्या कारणाशी त्यांचं पेन थांबलं.
"लिहा, वकिलाचा चुकीचा सल्ला."
"नाव?"
"नावासकट."

बाररूममध्ये बशीतला चहा बशीतच राहिला.
महाजन म्हणाले, अरे, दमडी घेतली नाहीस,
मग त्याचा वकील कधी झालास तू?
न्यायाधीशांनीही तेच विचारलं,
जरा सभ्य शब्दांत.
ज्या कठड्याला टेकलेल्यांची मी आयुष्यभर उलटतपासणी घेतली
तो हाताला इतका गार लागतो हे माहीत नव्हतं.
म्हणालो, त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं.
तेवढ्यात झालो.

निकाल अजून नाही. मंगळवारची तारीख आहे,
त्याआधीचे दोन मंगळवार असेच गेले.
तोवर गाळ्याला स्थगिती
आणि मशीन सुरू.
मध्यंतरी त्याच्याकडून खुर्चीसाठी गादी भरून घेतली.
पैसे पुढे केले.
वाटलं, नको म्हणेल.
त्याने चारशे तीस मोजून घेतले,
वीस परत दिले.
त्या दिवशी जेवण गेलं.

सल्ला अजूनही फुकटच देतो.
फक्त पंगतीत कुणी कानाशी वाकलं
तर घास ताटात ठेवतो, विचारतो,
कागद आहे का? तारीख काय?
लोक म्हणतात, साहेब बदलले,
पूर्वी कसं चुटकीसरशी सांगायचे.

आणि सोपानच्या दारात कुणी घुटमळलं
की मी वस्तऱ्याखालून मान काढतो.
सोपान वैतागतो, फेस कॉलरवर ओघळतो,
टॉवेलने अर्धा गाल पुसून
मी हात पुढे करतो,
चष्म्यासाठी.