हजेरीपट

मोखोत्लोंगच्या वरच्या अंगाला
जिथे रस्ता संपून नुसती मेंढ्यांची वाट उरते,
तिथे माझी शाळा रात्री साडेसातला भरते.
आधी कुत्री येतात, उंबऱ्याबाहेर अंग टाकतात.
मग गुराखी पोरं,
ब्लँकेटं, काठ्या, बापाच्या मापाचे गमबूट
आणि ओल्या लोकरीचा वास,
जो घरी माझ्या ताटापर्यंत येतो.

पहिल्याच वर्षी लेफाला विचारलं,
तुझ्या कळपात मेंढ्या किती?
गप्प.
मला वाटलं, मोजता येत नाही.
फळ्यावर एक ते शंभर लिहून काढले.
सगळं होईस्तोवर थांबला, मग म्हणाला,
"किती ते नाही ठाऊक, बाई.
पण आज तुटक्या कानाची आली नाही."
आणि माझा एकुलता कंदील उचलून
बर्फात निघून गेला.
उरलेला तास आम्ही अंधारात काढला.
पाढ्यांना उजेड लागत नाही म्हणा.

तरी मोजायला शिकवलंच.
वर्षाच्या राखणीला बारा मेंढ्या कबूल करायच्या
आणि दहा हाकून द्यायच्या,
अशी इथल्या मालकांची बेरीज.
मोकेते भर अंगणात बोट दाखवत म्हणाला, "दोन राहिल्या."
एक मेंढी मिळाली. एक मुस्कटात.
सुजल्या गालाने हसत सांगायला आला.
तो दिवस मी माझ्या पगारात धरते;
रात्री झोप लागली नाही, तेही त्यातच.

बाकी पगार तीन महिने थकलाय.
खडू मी अर्धे मोडून वापरते.
लोकर कातरणीच्या दिवसांत वर्गात
मी, स्टोव्ह, आणि पोटदुखी झालेला एखादा.
बहीण फोनवर विचारते, काय मिळतं गं तुला तिथे?
मी विषय बदलते.
काय सांगू, परवा एकाने
"ळ" काढावा तसं गिरवत गिरवत
कोळशाने दारावर स्वतःचं नाव लिहिलं
आणि मग दोन पावलं मागे सरून
अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत राहिला?

हिवाळ्यात मोठी पोरं डोंगरात जातात,
पुरुष होऊन, अंगाला लाल माती माखून उतरतात,
नवं नाव घेऊन.
जुन्या नावाला ओ द्यायची नाही, असा नेम.
मी पट उघडून "लेफा" म्हणते,
समोर बसलेला लेफा खिडकीबाहेर पाहतो.
नवं नाव पेन्सिलीने शेजारी लिहिते.
जुनं खोडत नाही. खोडायला हात होत नाही.
पुढच्या वर्षी तो खाणीकडे गेला, दक्षिणेला.
कुत्रं मात्र साडेसातला येतं.

तपासनीस वर्षातून एकदा घोड्यावरून येतात,
मांड्या चोळत विचारतात, "पटावर किती?"
किती ते नाही ठाऊक, साहेब.
पण आज कोण आलं नाही, ते सांगते.
बसा. चहा टाकते आधी.
वेळ लागेल.