अठ्ठावीस दिवस

साचा उघडला की टेट्रापॉड
तीन पायांवर उभा, चौथा आभाळात.
हात लावला तर अंग कढत लागतं.
महतो त्याच्या मांडीवर लाल रंगाने नंबर घालतो, तारीख घालतो,
आणि मग तो माझा.

अठ्ठावीस दिवस त्याला पाणी पाजायचं.
गोणपाट गुंडाळायचं, सुकू द्यायचं नाही.
सातला, दहाला, एकला, चारला,
आणि सड्यावर वारा सुटला तर मधेच परत.
कुडतरकर साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले,
"गोडं पाणी, ताई. खारं चालणार नाही.
समुद्रात टाकायचेत ना ते."
मी हसले.
साहेब नाही हसले.

चाळीस पावलांवर समुद्र,
आणि राजापुराहून टँकर येतात, दिवसाला तीन,
मुसाकाजीच्या उतारावर ब्रेक दाबत,
सांडत.
आमच्या वाडीचा टँकर वेगळा. तो तिसऱ्या दिवशी.
शिमगा सरला की आमची विहीर मचूळ होते,
चहाचं दूध फाटतं.

गाळ काढणारं जहाज रात्रभर घरघरतं,
लांब जाऊन पोट रिकामं करतं, परत येतं.
भाऊ टगवर दोर सांभाळतो.
म्हणतो, बांध पुरा झाला की बार्ज धक्क्याला
पाळण्यातल्यासारखी निजतील,
खनिजाची असोत, खताची असोत,
तुझ्या वासरांच्या आडोशाला.

एप्रिलात, चारशे बाराच्या अकराव्या दिवशी,
दुर्वाला ताप चढला.
डॉक्टर म्हणाला, पाणी द्या, भरपूर द्या.
त्या दिवशी चारची पाळी मी घातली नाही.
पाच लिटरचे दोन कॅन भरले, पदराआड नेले.
दुसऱ्या दिवशी दोन.
तिसऱ्याही.
रजिस्टरात लिहिलं: ४१२, चार वेळा, ओला.
सही, सुगंधा आडिवरेकर.
अक्षर चांगलं आहे माझं, कुणी संशय घेत नाही.

ताप उतरला.
४१२च्या काखेत, गोणपाटाखाली,
केसाएवढी रेघ.
नखाने पाहिली. नख अडकलं नाही.
साच्याचीच असेल.

मे संपताना क्रेन लागली.
महतो वरून नंबर ओरडायचा, मी खूण करायची.
चार सौ दस. ग्यारह.
"चार सौ बारह!"
तो हवेत सावकाश गोल फिरला,
कुणी मागून हाक मारल्यासारखा,
आणि बांधाच्या टोकाला जाऊन बसला,
जिथे नैर्ऋत्येची लाट पहिल्यांदा फुटते.

जूनच्या आवसेला उधाण.
दुर्वा शेजारी गार, तोंड उघडं टाकून झोपलेली.
बाहेर धप्प,
मग दगडांतून पाणी परत ओढल्याचा आवाज.
मी मोजत राहिले.
हा त्याच्यावर. हा शेजारच्यावर. हा परत त्याच्यावर.

पाणी निवळल्यावर हनीफ सोलकर बुडी मारून आला,
खोकत म्हणाला, सगळे जागेवर आहेत.
विचारलं, नंबर दिसतात?
"नंबर कसले, बाय! शेवाळ चढलंय.
कालवंसुद्धा धरलीत."
कुठल्यावर, ते मी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर नवे साचे लागले. नऊशे एकपासून.
चारच्या पाळीला मी प्रत्येकाला
थोडं जास्तच पाणी घालते.
साहेब म्हणतात, पुरे, वाया जातंय.
जातंय खरं.