बोटाला आधी कळतं

सिस्टर न्यामिझींनी फळ्यावर तीन रेघा ओढल्या.
सगळ्यात वरची कातडी मेलेली, म्हणाल्या,
ती मेली म्हणून आपण जिवंत.
तिच्याखाली दाटीवाटीने उभ्या पेशी,
तळातल्या सर्वांत कोवळ्या,
महिनाभर वर सरकत म्हाताऱ्या होतात
आणि उशीवर, कॉलरवर, केरात
कुणाला न सांगता गळून जातात.

मधला थर सांगताना त्या खिडकीशी गेल्या.
बाहेर सरोवर, वाळूवर चांदीसारखी सुकत घातलेली डागा मासळी,
काठ्यांवर जाळी.
असल्याच दोऱ्यांचा, म्हणाल्या. ओढा, सोडा, परत जागेवर.
त्यातून रक्ताच्या वाटा, घामाची वेटोळी नळी,
केसाचं मूळ,
आणि डास बसला ही चहाडी करणारी नस.
खालची चरबीची रेघ त्यांनी जाड ओढली
आणि स्वतःच्या दंडाकडे बघून हसल्या.

मग डोळे मिटायला लावले. समोर एकेक अनोळखी हात.
बोट फिरवा.
काहीच लागत नाही? मग तो डाग,
जमिनीवर पडलेली ढगाची सावली.
मसुराएवढं लागतं? पुटकुळी.
सुपारीएवढं, आत, वरची कातडी त्यावरून सरकते?
खोलवरची गाठ.
पित्ताची गांध तर पाहुणी,
आली कधी, गेली कधी, तेवढं लिहा.

मी, कुल्वा, जुळ्यांतली थोरली, जन्मापासून घाईची.
पहिल्या दिवशी मी सगळ्यांना खरूज ठरवून टाकलं होतं.
"नाव नंतर," सिस्टर म्हणाल्या,
"आधी काय आहे ते सांग."

मागेसा उकेरेवे बेटावरून पहाटेच्या बोटीने आला.
जाळी शिवतो. रुंद गवती टोपी, मनगटापर्यंत बाह्या,
पापण्या पेंढ्याच्या रंगाच्या.
रंगारी त्याच्याही कातडीत हजर आहेत,
तुझ्यामाझ्यात आहेत तेवढेच,
फक्त त्यांच्या हंड्यांत रंग शिजत नाही.
ऊन दार न वाजवता आत येतं.

मी त्याचं कपाळ पाहिलं. म्हटलं, इथे काही नाही.
त्याने माझं बोट धरलं, सुई धरतात तसं,
भुवईच्या वर टेकवलं.
डोळे मीट.

खरखर.
मांजराची जीभ.

"दिसायला वेळ लागतो," तो म्हणाला,
"बोटाला आधी कळतं.
आंघोळीला रोज वाचतो. घरात आरसा नाही,
असता तरी त्याला उशिराच कळलं असतं."
खिशातून त्याने दोरी काढली.
प्रत्येक खरखरीची एक गाठ, अकरा गाठी,
बारावीत लाल धागा.
टोपी काढून त्याने डावा कान पुढे दुमडला.

नाव माझ्या जिभेवर आलं होतं.
ते गिळून मी लिहिलं:
कानामागे, शेंगदाण्याएवढं, कडा उंच आणि टणक,
मध्ये खपली. खपली पडते, पुन्हा धरते,
हात लागताच रक्त. तिसरा महिना.
नावाची जागा कोरी सोडली.

सिस्टरांनी कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला,
आणि फोन उचलला. शुक्रवारी टेबल रिकामं आहे का,
आणि नंतर तुकडा तपासणीला पाठवायचाय.
बोलताना त्यांची पाठ आमच्याकडे होती.

मागेसाने त्या पाठीकडे पाहिलं. मग मला विचारलं,
"कापल्यावर शिवणार कसं?"
मी त्याच्याच दोरीच्या टोकाला
आम्हाला शिकवलेली गाठ मारून दाखवली.
त्याने ओढून पाहिली.
पांढऱ्या भुवया जवळ आल्या.
"ही सरकेल," म्हणाला,
आणि गाठ सोडवून
पुन्हा पहिल्यापासून, सावकाश,
माझी बोटं हलवू लागला.