खारवणाची बरणी

हेल्यो कॉइल गुंडाळत नाही, बेतते,
झबलं बेतावं तशी.
तांब्याची पट्टी, बोथट कात्री, दातांत पेन्सिल.
मोठ्यांच्या कॉइलमध्ये हे डोकं
म्हणजे रांजणात वाटाणा.
"जेवढी पोकळी, तेवढा गोंगाट," ती पुटपुटते.
घेर अठ्ठावीस सेंटिमीटर.
बाळाचं नाव उकु. वजन चौदाशे ग्रॅम.
तपासणी उद्या सकाळी.

तार्तूतला फेब्रुवारी. तळघराच्या खिडकीला
आतून बर्फ.
बाळाच्या जागी ठेवायला काहीतरी हवं होतं,
तर तिनं घरून काकडीच्या खारवणाची बरणी आणली,
वर बडीशेपेची एक काडी तरंगत होती.
काकड्या आम्ही दुपारीच संपवल्या.
"आता पाणी घाल. फार खारट आहे, माणूस एवढा खारट नसतो."
मी मोजपात्र शोधत होतो.
तिनं बोट बुडवून चाटलं.
"डोळ्यातल्या पाण्याइतकं झालं की थांब."
नंतर मीटर लावला. मीटरचं म्हणणंही तेच.

कॉइल रिकामी असताना पडद्यावरची दरी
खोल, अरुंद, पासष्टच्या पुढे.
बरणी आत सरकवली
आणि दरी डावीकडे कलली, उथळ झाली.
मला वाटलं, बिघडलं.
"बिघडलं कसलं? तिला कळलं, कुणीतरी आलंय."

प्लास्टिकचा पेचकस. कपॅसिटरला पाव वळसा.
त्रेसष्ट पॉइंट आठ. जमलं.
हात काढला, पुन्हा हुकलं.
माझा हातही ती मोजत होती.
मग वळसा द्यायचा, मागे सरायचं, बघायचं,
पुन्हा पुढे.
रात्री दोनपर्यंत आम्ही दोघं
त्या बरणीभोवती पुढे-मागे होत राहिलो.
हेल्यो तरुणपणी रेडिओच्या कारखान्यात होती.
तिथं परदेशी स्टेशनं पकडणारा पट्टा
मुद्दाम कापून टाकायला लावायचे, म्हणाली.
बाकी काही बोलली नाही.

सकाळी तांब्याचा दरवाजा बंद झाला.
उकुची आई बाहेर, मोबाइल टोपलीत,
हातात एकच इवलासा मोजा.
चित्रातलं आम्हाला काय कळणार.
डॉक्टर काय सांगतील ते त्यांच्यापाशी, तिच्यापाशी.

हेल्योनं फोनवर एवढंच विचारलं,
"गोंगाट?"
"आहे थोडा."
"कॉइलचा?"
"नाही. बाळाचाच."
ती खुर्चीत टेकली. डोळे मिटले.
स्वतःचा आवाज नसलेली वस्तू
तिला चाळीस वर्षांत तिसऱ्यांदा जमली होती.

मग एक डोळा उघडून:
"आणि बरणी? झाकणासकट परत आण.
तसली झाकणं आता मिळत नाहीत."