उजवीकडं बसते

छाजेडांचा धाकटा म्हणाला, काका, चार पंचवीस.
शोरूममधून निघाली तेव्हा पंचेचाळीसची होती.
मी मान डोलावली,
जसं काही पंचेचाळीस लाखांशी
माझी समोरासमोर ओळख आहे.

आहेच म्हणा.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली, नाशिकरोडला.
ओल्या शाईचे गठ्ठे या हातांनी पुढं सरकवले
आणि संध्याकाळी गेटवर हेच हात वर करून
खिसे उलटे दाखवले.
रुमाल, बसचा पास, सुपारीचं खांड.

गाडी काळी. म्हणजे सावलीत काळी.
उन्हात आणली तर बॉनेटवर
द्राक्षावर भुरी पडावी तसे पांढुरके डाग.
दार लावलं आणि अख्खा गंगापूर रोड मुका झाला.
हॉर्न, पेरूवाला, क्लास सुटलेली पोरं,
सगळे नुसती तोंडं हलवत होते.
अण्णांच्या बायपासच्या वेळी
काचेपलीकडून पाहिलं होतं,
तेव्हाची शांतता अशीच होती.

द्वारकेवरून इद्रिस मेस्त्री आला,
मुलीच्या जुन्या दप्तरात स्कॅनर घालून.
वाकला. वास घेतला.
डिपस्टिकचं तेल करंगळीवर चोळलं.
"रात्रभर उभी राहिली की उजवीकडं बसते.
सस्पेन्शनचा उजवा फुगा गेलाय,
डावा जायच्या वाटेवर.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना विचार करते.
सनरूफ उघडतं. मिटेल, असं मी म्हणत नाही."
मग तंबाखू मळत, माझ्याकडं न बघता,
"साहेब, हत्तीण परवडली.
ती उसावर तरी भागवते."

फुगे दीड लाख. गिअरबॉक्स नव्वद हजार, झाला तर.
वीजबिलाच्या पाठीवर बेरीज केली,
मग बिल उलटं केलं तर तीही थकलेली.
पुण्याहून पोराचा फोन:
बाबा, नवी वॅगनआर घ्या, हप्ता मी भरतो.
बरोबर बोलतो तो.
लहानपणापासून बरोबरच बोलतो.
आणि मी तरी जाणार कुठं हिच्यातून?
हयातीचा दाखला द्यायला?

चक्कर मारू म्हटलं. कुंदा मागं बसली.
काही बोलली नाही,
मलाही बोलायचं नव्हतं.
सोमेश्वरच्या वळणावर एकदम म्हणाली,
"अहो, माझ्या चपला!"
गाडीत बसताना काढून ठेवल्या होत्या,
बाहेर, पायरीशी,
कुणाच्या घरात शिरावं तशा.
छाजेडांच्या पोर्चमध्ये राहिल्या.

मी आरशात पाहिलं.
ती हसत होती, तोंडाला पदर लावून,
खांदे हलत होते.
पाय मऊ गालिच्यावर, उघडे,
टाचांच्या भेगांना जुनी हळद.
पुढच्या सीटवरचा धाकटाही हसला,
मग हसावं की नाही, अशा बेतानं थांबला.
त्याच क्षणी तिसरा गिअर पडला. धडकन.

सकाळी सांगतो म्हटलं.
रात्री झोप आली नाही, हे खोटं.
झोप आली. चांगली आली.
पण साडेपाचला जाग आली
आणि नऊ डिग्रीत कानटोपी घालून
अॅक्टिवा काढली.
कुंदा मागं बसलीच. ये म्हटलंही नव्हतं.

बसली होती. उजवीकडं.
गोठ्यात म्हैस बसावी तशी, पाय मुडपून,
काचांवर दव.
धाकट्यानं शालीतून हात काढून किल्ली फिरवली.
आत कुठंतरी पंप कण्हला.
आधी काहीच नाही.
मग डावी बाजू, मग, बऱ्याच वेळानं, उजवी,
इंच इंच.

"उठते की," कुंदा म्हणाली.
आज चपला पायात होत्या तिच्या.
मी काहीच म्हटलं नाही.

इद्रिसचा शब्द डोक्यात होता,
पोराचा होता, बिलामागची बेरीजही होती.
खिशात हात घातला.
रुमाल. सुपारीचं खांड.
पाचशेच्या वीस नोटा,
नंबर रात्रीच वाचून ठेवलेले, सवयीनं.

गेटवर कुणी नव्हतं.