पान सात, आकृती तीन

आकृती तीन पान सातवर ठेवायची आहे
आणि ती राहत नाही.
वरच्या मजकुरात एक ओळ वाढली
की उडी मारून आठव्या पानावर जाते.
सातवर उरते नुसती पाटी,
‘झेदुबानी शाळा, पटसंख्या, गेली बारा वर्षं’,
आणि पाटीखाली पांढरं.

राचाच्या या शिक्षण कचेरीत आम्ही तिघं.
स्टोव्हमध्ये ओलं लाकूड, नुसतं धुमसतंय.
खिडकीबाहेर रिओनी, वरचं बर्फ वितळल्यानं गढूळ.
आणि माझ्या खुर्चीमागे नुग्झार, आमचे साहेब,
मुठीत अक्रोड फोडत.
‘पाच वाजेपर्यंत तिबिलिसीला गेलं पाहिजे, मझेविनार.
जरा नीट दिसू दे.’

नीट म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.
आधी मागच्या राखाडी रेघा काढल्या.
मग चौकट. मग ती सावली,
जी कुणी मागत नाही तरी प्रत्येक खांबाला चिकटून येते.
निळ्याचा विटकरी केला,
कारण आमचा प्रिंटर निळ्यावर रुसलाय.
खांबांमधली फट कमी केली.
तरी शेवटचे तीन खांब लांब लांबच वाटतात,
वाटणीनंतरच्या भावांसारखे.

पहिला खांब एकतीस.
मग सव्वीस, एकोणीस, पुन्हा एकोणीस
(त्या वर्षी एक कुटुंब परत आलं होतं),
मग मी आकडे वाचणं सोडून दिलं.
शेवटचा दोन.

‘अक्ष बदलून बघ,’ नुग्झार म्हणाले.
पन्नासाचा चाळीस केला.
सगळेच थोडे उंचावले,
दोन मात्र उंबरठ्याएवढाच राहिला.
लॉगरिदमचा केला,
तेव्हा दोन गुडघ्यावर उठून बसला.
एकतीस आणि दोन यांच्यात
फारसं काही घडलंच नाही, असं दिसायला लागलं.
‘हे बरंय,’ म्हणाले.
मग हातातला अक्रोड न फोडता
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
त्याच शाळेच्या घंटेचा दोर तोडला म्हणून
छड्या खाल्लेला माणूस.
‘नको. पहिल्यासारखं कर.’

पहिल्यासारखं करताना
बोट चुकून दोनदा दाबलं गेलं
आणि खांबांच्या आतून अख्खी वही उघडली.
एतेरीबाईंनी वर्षानुवर्षं भरलेली,
जिच्यातल्या बेरजा तेवढ्या मी उचलल्या होत्या.
बेसिक: पोलंडला गेला.
सालोमे: कुताइसी, मावशीकडे.
गेगा: चष्मा हवा. दोन वर्षांनी त्याच ओळीत: चष्मा मिळाला.
त्याखाली: गेला.
तेकले: गाते. सकाळी उशिरा येते, नदी ओलांडावी लागते.
तेकले अजून आहे.
दोनांपैकी एक ती.

‘चित्र करून चिकटव,’ साहेब म्हणाले,
‘हलणार नाही, आणि आतलं कुणी बघणार नाही.
झाकली मूठ.’
खरंच आहे. चित्र गुमान बसलं असतं सातव्या पानावर,
डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरसारखं.

मी चित्र केलं नाही.
आडनावं पुसली, जन्मतारखा पुसल्या.
चष्मा ठेवला. नदी ठेवली.
मग समासात शोधला तो छोटासा लंगर,
जो ठरवतो आकृतीनं कुणाचा हात धरून चालायचं.
समुद्रापासून इतक्या वरच्या गावाला लंगर!
ओढत ओढत नेऊन टाकला त्या वाक्यापाशी
जिथं मी तीनदा खोडून लिहिलं होतं,
‘शाळा सुरू ठेवण्याबाबत निर्णय व्हावा.’
आता वाक्य जिथं जाईल तिथं ती जाईल.
आठव्या पानावर गेलं, तर आठव्या.

साहेबांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.

चार अठ्ठावन्न. फाइल जड आहे,
हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थबकलीय.
तिबिलिसीत कुणी त्या खांबांवर दोनदा दाबेल का,
काय सांगावं.
नुग्झारनी टरफलं स्टोव्हमध्ये टाकली.
लाकूड अजून धुमसतंच आहे,
टरफलं मात्र लगेच पेटली.